सर्व्हर घ्या, पण करणार कोण?

"सर्वर का कुछ पूछना हो तो जाधव मैडम से पूछ लो. प्रज्ञा को रहने दो, वह बोलती कहाँ है."

रस्तोगी सरांचं हे वाक्य मी जिन्यावर असताना ऐकलं. आमचं ऑफिस इकडं उत्तरेत, इंदिरा नगरमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे आणि जिन्यात कायम तुपाचा वास असतो. सर आतमध्ये फैज़ानला सांगत होते. फैज़ान आमच्याकडे डिझाइनचं काम करतो. मी तशीच खाली उतरले आणि मग चपलांचा आवाज करत पुन्हा वर आले. आत शिरले तेव्हा सर म्हणाले, "आओ प्रज्ञा, आओ." मी मान हलवली. म्हणजे त्यांचं खरंच होतं.

आम्ही लोकांना वेबसाइट बनवून देतो. साइट बनली की ती ठेवायची कुठं, हा प्रश्न येतो आणि जाधव मॅडम यायच्या आधी तो प्रश्न माझा होता. मला कुणी विचारायचं नाही, पण ठरवायचे मीच. जागा साधारण तीन तऱ्हेच्या असतात. एक शेअर्ड होस्टिंग. यात एका मोठ्या मशिनवर शेकडो साइट दाटीवाटीनं राहतात. स्वस्त असतं, देखभाल कंपनी करते, पण शेजारच्या साइटवर गर्दी झाली की आपली गुदमरते. दुसरी व्हीपीएस. त्याच मशिनचा एक वेगळा कप्पा आपल्या नावावर. मेमरी आपल्या वाट्याची, कुलूप आपलं, आणि साफसफाई, डागडुजी, राखणही आपलीच. तिसरीत कप्पा आपला आणि राखायला माणूस कंपनीचा, पण तिचा भाव ऐकला की आमची गिऱ्हाइकं खुर्चीवरून उठतात. हे सगळं मी इंग्रजीतून वाचून शिकले होते आणि मला ते चांगलं येत होतं. फक्त ते मी कुणासमोर बोलले नव्हते.

मग शुभांगीताई आल्या.

शुभांगी जाधव. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत सुभेदार, राहायला तेलीबागला. शिक्षण एमसीए, तेही बदल्यांच्या गावांमधून, एकेक सेमिस्टर एकेका छावणीत बसून पुरं केलेलं. हे त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या. सांगण्यात बढाई नव्हती. कालची भाजी काय होती ते सांगावं, तसं सांगितलं. अंगानं ठेंगण्या, आवाज मोठा, ओढणी नेहमी कमरेला बांधलेली, जणू आता कुठलं तरी कपाट हलवायचं आहे. टेबलाशी आल्यावर माझं आडनाव विचारलं, ते ऐकलं आणि लगेच मराठीत सुरू झाल्या, "अगं, मग तू आपलीच की. कुठं राहता?"

"मानक नगर," मी म्हणाले. "पापा रेलवे में हैं." मराठी मला सगळं कळतं. घरी आई-बाबा मराठीतच बोलतात. पण उत्तर माझ्या तोंडून हिंदीतच येतं, लहानपणापासून.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढं कायम माझ्याशी मराठीतच बोलत राहिल्या. त्या मराठीत, मी हिंदीत. फैज़ान म्हणायचा, "आप दोनों का वाई-फाई अलग-अलग है, फिर भी कनेक्ट हो जाता है." ताई खूप हसल्या होत्या. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं.

गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची एक तऱ्हा होती. समोरचा काहीही मागू दे, त्या आधी "हाँ, ज़रूर" म्हणायच्या. एकदा एक केटरर आला. त्याच्या मेव्हण्यानं व्हीपीएस घेतला होता, म्हणून यालाही हवा होता.

"हाँ, ज़रूर लीजिए," ताई म्हणाल्या. "करेगा कौन?"

"क्या करेगा कौन?"

"उसका. ताला बदलना, अपडेट डालना, बैकअप लेना. शादियों के सीज़न में बैठ गया तो उठाना."

"वह तो आप लोग करेंगे न."

"हम बना के देते हैं, पालते नहीं. अच्छा, आपके घर में एसी का फ़िल्टर कौन साफ़ करता है?"

केटररनं जरा विचार केला. "कोई नहीं."

"तो भाईसाहब, आप शेयर्ड लीजिए."

तो हसत हसत शेअर्ड घेऊन गेला, आणि जाताना आम्हा सगळ्यांसाठी खालून इमरती पाठवून गेला. मी खाल्ली नाही. मीही त्याला शेअर्डच दिलं असतं. पण मी दिलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरीनं आपल्याला कमी लेखलं. ताईंनी दिलं तर वाटलं, घरच्या कुणीतरी फालतू खर्च वाचवला. हा फरक मला दिसत होता. तो कशानं पडतो तेही दिसत होतं, आणि तरी तो मला जमणार नव्हता. पोटात दुखणं याचा अर्थ मला त्या महिन्यात कळला.

"करेगा कौन" हा त्यांचा प्रश्न ऑफिसात म्हणीसारखा झाला. फैज़ाननं ऑफिससाठी झाड आणायचं म्हटलं, सर म्हणाले, "करेगा कौन?" मराठीत तो त्या फक्त माझ्यापाशी विचारायच्या. "सर्व्हर घ्यायला काय लागतंय गं, कुणीही घेईल. त्याचं करणार कोण, ते बघायचं." जणू सर्व्हर म्हणजे घरातली म्हातारी सासू.

एका शनिवारी त्यांनी मला तेलीबागला जेवायला नेलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या तोंड उघडण्याला वेळ लागतो. तोवर त्या स्कूटीवर बसल्याही होत्या.

त्यांचं घर बघून मला आधी वाटलं की हे नुकतेच आले आहेत. मग वाटलं की जाणार आहेत. दोन्ही चूक होतं. काळ्या पत्र्याच्या पेट्या भिंतीशी ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं सुभेदारसाहेबांचं नाव. वर गादी टाकून त्यांचाच सोफा केलेला. फ्रिजचं, टीव्हीचं, मिक्सरचं खोकं माळ्यावर जपून ठेवलेलं, आतल्या थर्माकोलसकट.

"फेंकते नहीं?" मी विचारलं.

"खोकं टाकलं की बदली येते," त्या म्हणाल्या. "आणि घर बघायला जाते ना मी, तेव्हा पहिल्यांदा दार मोजते. आत काय, सगळंच जातं गं. ढकललं की जातं. बाहेर निघतंय का ते बघायचं. जोधपूरला आमचं कपाट अडकलं. शेवटी कापून काढलं."

तेव्हा मला एक गोष्ट उलगडली. ताई कुठल्याही नव्या होस्टिंग कंपनीत खातं उघडलं की पहिलं काम विचित्र करायच्या. एक खोटी, रिकामी साइट तिथं ठेवायच्या आणि लगेच ती तिथून बाहेर काढून बघायच्या. बॅकअप पूर्ण उतरतो का, दुसरीकडं नेऊन तो उभा राहतो का, की कंपनीनं आपलंच काहीतरी कुलूप घातलंय. ज्या कंपनीतून साइट नीट बाहेर निघायची नाही, तिच्याकडं त्या पुन्हा बघायच्या नाहीत, मग ती किती का स्वस्त असेना. मी इतकं वाचलं होतं, वेग, मेमरी, भाव यांचे तक्ते पाठ केले होते. पण जागा निवडताना आधी निघायची वाट बघावी, हे मला सुचलं नव्हतं. सुचण्यासारखं माझ्या आयुष्यात काही नव्हतंच. मी जन्मापासून मानक नगरच्या त्याच कॉलनीत आहे. त्या दिवशी मला त्यांच्या बदल्यांचासुद्धा हेवा वाटला. आता लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं.

त्या मटण वाढत होत्या आणि मी मनात म्हणत होते, मिठाचं प्रमाण तरी चुकू दे. नाही चुकलं.

मग त्या आमच्या घरी आल्या. दारातूनच "जय भीम काका, जय भीम काकू" म्हणाल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दारावरची पाटी आणि आतला फोटो बघून त्यांनी ते आपणहून म्हटलं. आईचा चेहरा जो फुलला, तो मी कुठलीही परीक्षा पास झाले तेव्हा फुलला नव्हता. बाबा रेल्वेच्या संशोधन संस्थेत स्प्रिंगा तपासतात. घरी ते फार बोलत नाहीत. हे माझ्यात त्यांच्याकडूनच आलं असावं, असं मी समजून चालले होते. त्या दिवशी बाबा बोलले. तेही ऑफिसातलं हिंदी किंवा माझ्याशी बोलताना वापरायचं सांभाळून मराठी नव्हे, वर्ध्याकडचं, त्यांच्या लहानपणीचं.

"काहून वो, साताऱ्यात संत्री नाई भेटत?"

"भेटतात की काका, पण तुमच्याकडची संत्री तुम्हीच खाऊन टाकता, आमच्यापर्यंत सालं येतात."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाण्याचा ग्लास घेऊन उभी असताना मला वाटलं, या माणसाला असं बोलणारी मुलगी हवी होती आणि याला मी मिळाले.

ताई गेल्यावर आई म्हणाली, "किती मोकळी आहे. शीक जरा तिच्याकडून."

"सीख रही हूँ," मी म्हणाले. सर्व्हरबद्दल म्हणाले, असं आईला वाटलं.

आता कोचिंगवाल्या वर्मा सरांची गोष्ट. त्यांच्या क्लासच्या साइटवर सराव परीक्षेचे निकाल लागायचे आणि ते लागले की सगळी पोरं एकदम तुटून पडायची. साइट शेअर्डवर होती. एकदा निकालाच्या दिवशी होस्टिंग कंपनीनं खातंच बंद करून टाकलं, तुमच्यामुळं शेजाऱ्यांना त्रास होतोय म्हणून. वर्मा सर लाल होऊन आमच्या ऑफिसात आले. सगळे टेबलाभोवती बसलो. रस्तोगी सर म्हणाले, शेअर्डचाच मोठा प्लॅन घेऊ. वर्मा सर म्हणाले, सबसे तगड़ा वाला दीजिए. व्हीपीएस हेच उत्तर होतं, मला ठाऊक होतं, आणि कुणी विचारलं असतं, करणार कोण, तर त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. मी ते मनात जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग हिंदीत.

"व्हीपीएस लीजिए," ताई म्हणाल्या. मग आपलाच प्रश्न आपणच विचारला, "करेगा कौन? मैं करूँगी."

माझं जुळवलेलं वाक्य तिथंच राहिलं. त्याच्या मागचं एक छोटं वाक्य मात्र बाहेर पडलं. "और मेल?" मी म्हणाले. पण तोवर वर्मा सर उठून ताईंना हात जोडत होते आणि माझं बोलणं खुर्च्यांच्या आवाजात गेलं.

मेलचा मुद्दा असा होता. शेअर्ड होस्टिंगमध्ये साइटसोबत मेलचे डबे, म्हणजे मेलबॉक्सही तिथंच मिळतात. व्हीपीएस घेतला की साइट नव्या घरी जाते, मेलची सोय वेगळी करावी लागते. लोक हे विसरतात. ताईही विसरल्या.

पण नुसतं विसरणं निभावलं असतं. त्यांनी पुढं जे केलं, ते फौजी घरातल्या बाईलाच सुचेल. फौजेचं क्वार्टर सोडताना ते घासूनपुसून, भिंतीवरचा खिळासुद्धा काढून परत करावं लागतं. अधिकारी येऊन बघतो, मगच सुटका. याला ते मार्चिंग आउट म्हणतात. नवा व्हीपीएस सुरू झाला, निकाल झोकात लागले, आणि त्याच संध्याकाळी ताईंनी जुन्या शेअर्ड खात्याचं मार्चिंग आउट केलं. सगळं पुसलं, खातं बंद करून कंपनीला परत केलं. आत क्लासच्या मेलचे सगळे डबे होते. मुलांचे अर्ज, पालकांची पत्रं, सगळं.

सकाळी वर्मा सरांचा फोन आला. मी ताईंचा चेहरा बघत होते. त्या क्षणाची मी इतके दिवस वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी फोन ठेवला, ओढणी कमरेची सोडली आणि पुन्हा बांधली. "प्रज्ञा, घर झाडलं गं मी," त्या म्हणाल्या. "आत माणसं होती."

माझ्याकडं प्रत होती. साइट हलवायच्या आधी मी ते सगळं खातं, मेलसकट, ऑफिसच्या जास्तीच्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. शहाणपणानं नव्हे, सवयीनं. आमच्या घरी काही टाकत नाहीत. जळलेल्या पंख्याचा रेग्युलेटरही बाबांच्या खणात असतो. मी डिस्क काढून त्यांच्यापुढं ठेवली. मेलसाठी वेगळी सेवा घेतली, डबे भरले. दुपारपर्यंत बहुतेक सगळं जागेवर आलं. हे काम मी केलं. मला वाटलं, आता तरी.

ताई मला घेऊन वर्मा सरांकडं गेल्या. कुठलीही सबब न सांगता म्हणाल्या, "सर, गलती मेरी है. फ़ौजी क्वार्टर समझ के झाड़ दिया. आपका सामान अंदर ही था. यह हमारी प्रज्ञा न होती तो मैं आज आपके सामने खड़ी न होती." वर्मा सर बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. मग कचोऱ्या आल्या. मग त्यांनी आपल्या वडिलांच्या फौजेतल्या गोष्टी काढल्या, आणि तासाभरानं आम्ही निघालो तेव्हा ते ताईंना जिन्यापर्यंत सोडायला आले. मला म्हणाले, "बेटा, मैडम से सीखो."

पुढं कित्येक दिवस ताई ती गोष्ट येईल त्याला सांगायच्या. प्रत्येक वेळी माझं नाव घ्यायच्या, अगदी ठसठशीत. पण गोष्ट त्यांची होती. त्यात झाडू त्यांचा, घाबरणं त्यांचं, कबूल करणं त्यांचं. मी शेवटी डिस्क घेऊन यायचे, नाटकात निरोप्या येतो तशी. चूक त्यांनी केली आणि चूकही त्यांना शोभून दिसली. मी बरोबर होते, ते कुणाला आठवलं असतं तर त्यांच्या गोष्टीमुळंच. त्यांनी माझं श्रेय घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

मग बदली आली, पठाणकोटची. खोकी माळ्यावरून उतरली. ताईंनी आईला पापडाचा डबा आणि बाबांना साताऱ्याचे कंदी पेढे पाठवले. बाबांनी ते पुरवून पुरवून खाल्ले.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात खालची इमरती आली. या वेळी मी खाल्ली. ताई टेबल पुसत होत्या. खण काढून उलटा करून झटकला, कीबोर्ड पालथा घालून आपटला, मॉनिटरमागची वायर ओल्या फडक्यानं पुसली. मार्चिंग आउट. कमरेला ओढणी होतीच. तेव्हा रस्तोगी सरांनी विषय काढला.

"मैडम, वर्मा जी वाला वापस शेयर्ड पर डाल देते हैं. बड़ा प्लान ले लेंगे. आप चली जाएँगी तो वह देखने-वेखने का झंझट..."

फैज़ाननं माझ्याकडं बघितलं. पुन्हा शेअर्डवर गेलं की पुढच्या निकालाला तेच होणार होतं, हे या खोलीत मला आणि ताईंना नक्की माहीत होतं. तो सर्व्हर मी रोज बघायचे, ताईंच्या मागं उभी राहून; त्याची चावी, म्हणजे पासवर्ड, ताईंकडंच होती. त्याचं कुठलं अपडेट कधी करायचं, कुठल्या दिवशी त्याला धाप लागते, मला ठाऊक होतं. मला तो हवा होता. त्यांच्यासारखं बोलणं नको, बाबांचं हसणं नको, हा सर्व्हर.

ताई म्हणतील आता, असं मला वाटलं. प्रज्ञा है न, म्हणतील. इतक्या वेळा नाव घेतलं आहे, आणखी एकदा घेतील.

त्यांनी फडकं पिळलं. माझ्याकडं बघितलंही नाही. "शेयर्ड, वीपीएस, बाद में सोचिए सर," त्या टेबलाचा कोपरा घासत म्हणाल्या. "पहले यह बताइए, करेगा कौन?"

खालच्या कढईचा आवाज येत होता. मला त्यांचा राग आला. त्या मुद्दाम बघत नाहीत हे मला कळलं आणि आणखी राग आला. माझं वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग हिंदीत, आणि दोन्ही वेळा मी ते तपासत राहिले. ताई तो स्वच्छ झालेला कोपरा पुन्हा घासत होत्या.

"मी करणार," मी म्हणाले. "चावी माझ्याकडं द्या, ताई."